ऋषींच्या आश्रमाचं एलिमिनेटर

८ ऑगस्ट १९८३, सोमवार. दिव्याची अवस.

घरातले सगळे दिवे चिंचेनं घासले. समया, निरांजनं, लामणदिवा, कंदील. पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. मग ट्रंकेतून खोका काढून विलायती माळेलाही वाहिलं. तोही दिवाच. माळेला लाइन देणाऱ्या काळ्या डबीला वाहावं की नाही, याचा थोडा विचार पडला. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, ऐन आरतीत, तिनं दगा दिला होता. तरी वाहिलं. आपण मन मोठं ठेवावं.

हिशेबाची वही वेगळी आहे. ही वही मनातलं लिहायला. ह्यांना वाचायला मिळणार नाही, पिठाच्या डब्यामागे ठेवीन.

माळेचा इतिहास लिहून ठेवते, पुढे कोणी विचारलं तर. अजनीच्या रेल्वे क्वार्टरातल्या फिलोमिनाबाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या तेव्हा फ्रॉकांच्या शिलाईबदली हा खोका मला देऊन गेल्या. त्यांच्या नाताळचं सामान. चांदण्या, घंटा, छपरावर कापूस पडल्यासारखी छोटी घरं, दोन हरणं, आणि लाल कफनीतले दाढीवाले बाबा. सगळ्यांच्या पोटात बल्ब. मी पाहताक्षणी ओळखलं, हा ऋषींचा आश्रम आहे. हरणं आहेत, पर्णकुट्या आहेत, दाढी आहे, अजून काय पाहिजे? बाबांना अष्टगंध लावलं. खाली सरकीचा कापूस पसरला की क्षीरसागर. सोळा वर्षं झाली, आमच्या महालक्ष्म्यांपुढे ऋषींचा आश्रम उजळतो आणि गोळीबार चौकापर्यंतच्या बायका पाहायला येतात.

काल धाकटी जाऊ पुष्पलता आली होती, धरमपेठेतून, पेढे घेऊन. राखीला अवकाश असताना पेढे काहून, तेव्हाच मनात आलं. जाताना सासूबाईंच्या पायाशी बसून म्हणाली, आई, पुढच्या वर्षीपासून लक्ष्म्या आमच्याकडे बसवू द्या ना, आमचा हॉल मोठा आहे. सासूबाई म्हणाल्या, यंदाचं तं होऊ दे. मंग पाहू. ज्या दिवशी गाठी घेऊ त्या दिवशी सांगतो.

गाठी म्हणजे तिसरा दिवस, लक्ष्म्यांच्या निरोपाचा. म्हणजे निकाल दिव्यांवर आहे. हे कोणालाही कळेल. आश्रम उजळला तर लक्ष्म्या घर सोडून कशाला जातील?

संकल्प: पोळ्याच्या आत नवी काळी डबी घरात.

११ ऑगस्ट, गुरुवार.

कोपऱ्यावरच्या रुपरावकडे गेले. रेडिओ दुरुस्त करतो. त्यानं डबी उघडली, नाकाजवळ नेली आणि म्हणाला, बाई, हे गेलं. आतलं सगळं वितळलं. याच्यावर काही ठेवून राहिले होते का?

काही नाही, म्हटलं. फक्त मामंजींच्या जुन्या पितांबराची चौपदरी घडी. देवीच्या समोर काळी वस्तू उघडी कशी ठेवायची?

आणि बंद कधी करत होते?

बंद? देवीपुढचा दिवा कोणी बंद करतं का? तीन दिवस अखंड.

तो म्हणाला, बाई, याले हवा लागते. मी म्हटलं, सोळा वर्षं पितांबर होतं, तेव्हा नाही लागली हवा? त्यानं डबी पुसून परत दिली. शिकलेल्या माणसासमोर असंच होतं. मी सत्तावन्नची मॅट्रिक आहे.

ह्यांना सांगितलं तर हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, सोळा नाही, पंधरा वर्षं. तू झोपली की मी उठून बटण बंद करत होतो, पहाटे लावत होतो. गेल्या साली माझी रात्रपाळी होती.

असं बोलायला माणसाला काहीतरी वाटायला पाहिजे. पंधरा वर्षं मी अखंड दिव्याचं पुण्य जोडलं आणि हे म्हणतात रोज रात्री बंद! थट्टा करतात. मिलमध्ये टाइमकीपर आहेत, सवय आहे दुसऱ्याची हजेरी कापायची.

१३ ऑगस्ट, शनिवार.

सीताबर्डीवर गेले. गुलाबचंदचं इलेक्ट्रिकचं दुकान. डबीला बाजारात एलिमिनेटर म्हणतात, हे कळलं. माहिती असलेली बरी. तो म्हणाला, भाभी, एलिमिनेटर ट्रान्झिस्टरचे आहेत, सहा व्होल्ट, नऊ व्होल्ट. आपल्या डबीवर चोवीस लिहिलं आहे. चोवीस नागपुरात कुठून मिळेल? ही माळ फेका, दिल्लीची नवी सिरीज घ्या, थेट प्लगात घाला, एलिमिनेटरचं लफडंच नाही.

फेका! धडधाकट वस्तू. फक्त एक डबी गेली म्हणून? उद्या चष्मा फुटला तर डोळे फेकशील का, असं म्हणणार होते, पण गिऱ्हाइकं होती.

बर्डीवरून पायी आले. पाय दुखतात. रिक्षाचे वाचले, ते नव्या डबीच्या नावानं डब्यात टाकले.

१४ ऑगस्ट, रविवार.

बसून फिलोमिनाबाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. मॅट्रिकला इंग्रजीत बावन्न मार्क होते, ते असे कामी येतात. लिहिलं की तुमची डबी स्वर्गवासी झाली, तिच्या जागी दुसरी पाठवावी, गॉड तुमचं भलं करो, आणि तुमच्या बाबांची आम्ही दरवर्षी पूजा करतो. पत्ता सोळा वर्षांपूर्वीचा आहे. पण ऑस्ट्रेलियात माणसं घरं बदलत नसतील, जागा भरपूर आहे म्हणतात.

हे म्हणाले, टपाल खात्याला दान दिलं समज. मी डिंक लावून पाकीट बंद केलं. श्रद्धा पाहिजे.

२० ऑगस्ट, शनिवार.

गुलाबचंदकडून नऊ व्होल्टचं आणलं. चोवीसाच्या जागी नऊ. तेवढंच पुरेल, देवी काही मोजत नाही.

लावलं. लागलं! बल्ब मात्र चुलीतला निखारा राखेत गेल्यासारखे. ऋषी तर अंधारात ध्यानाला बसल्यासारखे दिसत होते. आता हे जास्त शोभतं, खरं तर. तपश्चर्येला एवढा झगमगाट कशाला? शिवाय मीटर कमी फिरेल.

सासूबाईंना बोलावून विचारलं, कसं दिसते? त्या बराच वेळ भिंतीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, चांगलं आहे वं. त्यांना आवडलं.

चाचणीसाठी पितांबर घालून ठेवलं. स्वयंपाकात होते. सासूबाईंनीच हाक मारली: काही करपून राहिलं का वं? पुरण ठेवलं का? पुरण नव्हतं. एलिमिनेटर होतं. मऊ झालं होतं, गुळाच्या ढेपेसारखं.

गुलाबचंद परत घेत नाही. म्हणे, भाभी, इसको ओढाया क्यों? सगळे इलेक्ट्रिकवाले एकच पाठ म्हणतात. आपला माल हलका, हे कबूल करायला जीभ वळत नाही.

पोळ्याला अजून वेळ आहे.

२३ ऑगस्ट, मंगळवार. राखी.

उमरेडहून भाऊ आला, नत्थूजी. राखी बांधली, नारळीभात केला. पुष्पलताही आली होती ह्यांना राखी बांधायला, म्हणजे तिच्या मुलीला घेऊन, मुलीनं काकांना बांधली. पुष्पलतेनं आश्रमाची गोष्ट काढली. म्हणाली, ताई, कशाला एवढा त्रास घेता, दोन समया पुरतात देवीला. गोड बोलते. दोन समया! म्हणजे माझा आश्रम गेला की तिच्या हॉलला भाव.

तीच पुढे म्हणाली, यंदा पुरण मी करून आणू का? तुम्ही दमता. मी म्हटलं, पुरण याच घरात होईल. वेलदोड्याचे भाव पाहता मी यंदा पुरणात वेलदोडा घालणार नाही, जायफळानं भागतं, आणि तेही नखभर. प्रसादाला चव नसते, भाव असतो.

नत्थूजीनं सगळं ऐकून घेतलं. मांडी थोपटून म्हणाला, बाई, तू चिंता करू नको. कन्हानच्या खाणीच्या भंगारात चोवीस व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर पडून राहतात. माझा दोस्त आहे तिथं. एक काय, दोन आणतो.

भाऊ असावा तर असा. राखीचं सार्थक झालं. लक्ष्म्या आता कुठे जात नाहीत.

३ सप्टेंबर, शनिवार.

नत्थूजीचा पत्ता नाही. पण शब्दाचा पक्का आहे. लग्नात माझ्या दागिन्यांबद्दलही असंच म्हणाला होता, ते यायचे आहेत.

६ सप्टेंबर, मंगळवार. पोळा.

आला! रिक्षातून ट्रान्सफॉर्मर आणला. उतरवायला रिक्षावाला, नत्थूजी आणि हे. ह्यांची कंबर गेली. लोखंडी, हिरवा, मामंजींच्या हातमागाच्या पेटीएवढा. ह्यांनी विचारलं, का गा नत्थूजी, हा खाणीतून आणला की खाणच आणली? मला आवडला. ठाशीव आहे. त्याच्यावर पाट ठेवला तर थोरल्या लक्ष्मीचं आसनही होईल, एका वस्तूत दोन कामं.

सायंकाळी मातीच्या बैलांची पूजा झाल्यावर लावला. आश्रम असा उजळला की बस! ऋषींच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत. पण घूं असा आवाज. तांब्या-भांडी थरथरत होती, देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, घरात गिरणी घातली का वं? मी म्हटलं, ओंकार आहे.

आवाज कमी व्हावा म्हणून वरून गोधडी घातली. थोड्या वेळानं गल्लीभर लाइन गेली.

फ्यूज आमच्याकडून गेला, असं शेजारची रंभाबाई ओरडून सांगत होती. तिला कसं कळलं कोण जाणे. अख्खी गल्ली पोळ्याची ताटं घेऊन कंदिलात जेवली. लाइनमन आला, ट्रान्सफॉर्मर पाहून टोपी काढली. म्हणाला, बाई, हे घरात लावलं?

नत्थूजी सकाळच्या गाडीची घाई करून आत्ताच गेला. ट्रान्सफॉर्मर इथेच आहे. उचलायला कोणी नाही. त्यावर सध्या कांदे ठेवले आहेत.

७ सप्टेंबर, बुधवार. तान्हा पोळा.

गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागितला. दिला. मारबतीची मिरवणूक पाहायला इतवारीत गेले. काळी मारबत, तो बाईचा भलामोठा पुतळा, आली तसे लोक ओरडले: इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! मला एकदम सुचलं. पिशवीत ती जुनी जळकी डबी होतीच, रुपरावला पुन्हा दाखवायला म्हणून. सारी पनवती तिच्यातच आहे. गेल्या वर्षी ऐन आरतीत दगा, तिथून सगळं सुरू झालं. जोर लावून मारबतीच्या पायाशी फेकली आणि मोठ्यानं ओरडले, वाईट दिवे घेऊन जा गे मारबत!

बाजूचे लोक पाहत होते. पण मन एवढं हलकं झालं. आता पुढचं सगळं नीट होणार. प्रत्यक्ष मारबत नेते आहे.

८ सप्टेंबर, गुरुवार.

सकाळीच रुपराव दाराशी. फार आनंदात. म्हणे, बाई, तुमचं काम झालं! सदरमध्ये एक वाइंडिंगवाला भेटला. जुनी डबी द्या फक्त. आतलं लोखंड तेच पाहिजे, नवी तार गुंडाळून जशीच्या तशी करून देतो, गॅरंटीनं.

म्हटलं, डबी नाही.

कुठं गेली?

मारबतीनं नेली.

रुपराव पायरीवर बसला. मग म्हणाला, बाई, मारबत तं जाळते ना ते लोक?

जाळतात. हे हसले. चहा कपातून बशीत आणि बशीतून शर्टावर. मी म्हटलं, हसा. डबीनं इडा पीडा नेली, ते नाही दिसत कोणाला.

९ सप्टेंबर, शुक्रवार. हरतालिका.

निर्जळ उपास. तरी सदरला गेले. देवाचंच काम आहे, उपासात केलेलं जास्त लागतं.

वाइंडिंगवाल्याला वहीच्या पाठकोऱ्या कागदावर डबीचं चित्र काढून दिलं. लांबी टिचभर, वजन आंब्याच्या लोणच्याच्या बरणीएवढं, पोटात काय होतं माहीत नाही. तो चित्र पाहून म्हणाला, बाई, ये किस चीज के लिए है? मी आश्रम, हरणं, ऋषी सगळं समजावलं. तो म्हणाला, लाल कपडा, सफेद दाढी? ये तो क्रिसमस का है. मी म्हटलं, असेल तुमच्याकडे. आमच्याकडे सोळा वर्षं ऋषी आहेत.

सोमवारी देतो म्हणाला. ॲडव्हान्स घेतला. जाताना त्यानंही तेच: खुला रखना, ढकना मत. हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

परतताना चक्कर आली. झाडाखाली बसले. एक बाई रसाचा पेला घेऊन आली, नको म्हटलं. पुण्य मोडलं नाही.

११ सप्टेंबर, रविवार.

गणपती काल बसले. सासूबाईंनी आज मला हाक मारून विचारलं, सोळा भाज्या आणल्या का वं? पडवळ मिळालं का? आंबिलीचं ज्वारीचं पीठ आणलं? मी म्हटलं, होईल सगळं, आधी दिवे. त्या म्हणाल्या, हाव बापा, दिवे. आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

त्यांनाही दिव्यांचीच काळजी आहे.

१२ सप्टेंबर, सोमवार.

आणली! नवी डबी. पत्र्याची, निळी. काळी नाही, म्हणजे देवीला चालेल, असं वाटलं. पण पत्रा तो पत्राच.

लावली. आश्रम उजळला. आवाज नाही, वास नाही, बल्ब एकसारखे. हे आले, पाहिलं आणि म्हणाले, वा. एवढंच, पण सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच पुसलं.

आज शेजारच्या रंभाबाईलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आमची लाइन नका घालवू बाई. जळते.

उद्या लक्ष्म्या येतील. परवा जेवण. तेरवा गाठी, आणि निकाल. निकाल मला आत्ताच माहीत आहे.

संकल्प: पुष्पलतेशी जेवणाच्या दिवशी गोड बोलायचं. जिंकणाऱ्यानं नम्र राहावं.

१३ सप्टेंबर, मंगळवार. आवाहन.

दाराबाहेरून लक्ष्म्या आणल्या, पावलं उमटवली. मुखवटे बसवले. थोरलीला मामंजींनी स्वतःच्या मागावर विणलेला शालू, धाकटीला गेल्या वर्षीचा. वर फुलोरा बांधला. खाली क्षीरसागर, मध्ये आश्रम. दिवे लावले. बायका आल्या. गल्लीतल्या इंदूबाई म्हणाल्या, ऋषी यंदा तरुण दिसतात. अष्टगंध नवीन लावलं आहे ना.

निजताना ह्यांनी विचारलं, बंद करू का? मी म्हटलं, हात लावाल तर बघा. आणि हो, डबी उघडी दिसत होती, पत्रा चमकत होता देवीच्या डोळ्यासमोर. पितांबर घातलं. फक्त दोन पदरी. हवा लागते म्हणतात ना, म्हणून दोन पदर कमी केले. मी हट्टी नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार. महालक्ष्म्यांचं जेवण.

लिहायला बळ नाही, पण लिहिते.

सकाळी डबी तापली होती. पितांबर काढून पुन्हा घातलं. स्वयंपाकात सोळा भाज्या, पुरण, कथली, आंबील. पुष्पलता पदर खोचून आली, न सांगता पडवळ चिरायला बसली. हळूच म्हणाली, ताई, पुरणाले वेलदोडा? मी घरून आणला आहे. म्हटलं, राहू दे.

दिवेलागणीला पंगत बसली. आश्रम उठून दिसावा म्हणून घरातला मोठा दिवा मी बंद ठेवला होता. आरती सुरू झाली. मी ताट ओवाळत होते आणि डोळे आश्रमावर. असं वाटलं, देवीसुद्धा तिकडेच पाहते आहे. तेव्हा आधी ऋषी विझले. मग हरणं. मग पितांबराच्या कडेतून बारीक निळा धूर निघाला. कोणी म्हणालं, धूप छान आहे वं. मी म्हटलं, हो.

ह्यांनी झेप घेऊन प्लग उपटला. मामंजींच्या पितांबराला तळहाताएवढं भोक. कापसानं पेट घेतला असता, पण पुष्पलतेनं आंबिलीचं भांडं उलटं केलं. क्षीरसागरात आंबील. एका घराचं छप्पर वितळलं, आणि ऋषींची दाढी एका बाजूनं गेली.

अंधार झाला. पुष्पलतेनं समई पुढे ओढली, वात सारखी केली आणि आरती जिथं थांबली होती तिथून उचलली. सगळ्या बायका तिच्यामागे म्हणायला लागल्या.

देवीची आंबील नंतर दुसरी केली. घाईत केली, तळाला लागली.

वाइंडिंगवाल्यानं फसवलं. उद्या सदरला जाऊन ॲडव्हान्स परत मागीन.

१५ सप्टेंबर, गुरुवार. गाठी.

सदरला गेले नाही.

दुपारी गाठी घेतल्या. सासूबाईंनी अक्षता उचलल्या. मी ओटी धरून पुढे सरकले. त्यांनी चाचपून पुष्पलतेची ओटी शोधली आणि तिच्यात टाकल्या. म्हणाल्या, पुढच्या सालापासून तुयाकडे.

मी म्हटलं, आई, दिवे गेले म्हणून? एक दिवस गेले. पुढच्या वर्षी मी…

त्या म्हणाल्या, कोणते दिवे वं?

आश्रमाचे. ऋषींचे.

त्या म्हणाल्या, माय, मले दोन साल झाले दिसत नाही. मोतीबिंदू. तुले सांगून राहिली होती पोळ्याच्या आधी, डॉक्टरकडं ने म्हणून. तू म्हणे, आधी डबी. मले दिवे दिसत नाही, आवाज येते आणि वास येते. लक्ष्म्या आल्या की मले वासावरून समजते. पुष्पीच्या हाताच्या पुरणाले वेलदोड्याचा वास येते. तुया घरी दोन साल झाले मले जळक्याचाच वास येऊन राहिला.

 ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेच बरं.

सासूबाई थकल्या आहेत. वय झालं की माणूस वासावर जातो. एका वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी धरमपेठेत लाइन गेली, की लक्ष्म्या आपोआप परत येतील.

संध्याकाळी मुखवटे तांदळात घालून, शालूत गुंडाळून धाकट्या दिरांच्या, बबनरावांच्या, हाती दिले. त्यांनी ते गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवले, पुष्पलता मागे बसली. लक्ष्म्यांच्या धडाच्या कोठ्या नंतर नेतील. शालूही गेला. तो लक्ष्म्यांचा, माझा नव्हे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार. घट बसले.

सासूबाई आज धरमपेठेला गेल्या. म्हणाल्या, लक्ष्म्या जिथं, तिथं मी. ह्यांनी कपाळावर हात ठेवला, मग त्यांची ट्रंक उचलली. बबनराव त्यांना पुढच्या आठवड्यात डोळ्याच्या दवाखान्यात नेणार आहेत.

मी न्यायला तयारच होते. डबी झाल्यावर.

घरात आता मी, हे आणि ट्रान्सफॉर्मर. कांदे संपले, बटाटे ठेवले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार.

काही लिहिण्यासारखं नाही. पुष्पलतेकडून कळलं, सासूबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सोडल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं म्हणे, मोठीचे ते दिवे कुठं आहेत? पुष्पलता म्हणाली, ताई, त्यांना पाहायचे आहेत.

मी म्हटलं, डबी नाही.

२५ डिसेंबर, रविवार.

काल पार्सल आलं. ऑस्ट्रेलियाहून. फिलोमिनाबाईंच्या मुलानं पाठवलं. आई आता नाही, असं लिहिलं आहे. तिच्या ट्रंकेत तशीच दुसरी डबी पडून होती, पत्र वाचून तिला फार हसू आलं असतं, बाबांची पूजा करता हे वाचून, असं लिहिलं आहे. जुन्या पत्त्यावरची माणसं माझं पत्र पुढे पाठवत राहिली, म्हणून एवढा उशीर. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, काही थट्टा केली नाही.

डबी काळी, अगदी तशीच. तिच्याबरोबर बारीक इंग्रजीत छापलेला सूचनांचा कागद आहे. वाचला नाही. सोळा वर्षांचा अनुभव आहे.

तिचा प्लग आपल्या प्लगात जाईना. रुपरावनं प्लग बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

दिवेलागणीला लावलं. लक्ष्म्यांच्या कोपऱ्यात पाट रिकामा आहे, त्याच्यासमोरच मांडलं, दुसरी जागा सुचली नाही. चांदण्या लागल्या, घंटा लागल्या, हरणं लागली. ऋषी अर्ध्या दाढीनं लागले. एक घर बसकं झालं आहे, पण आतून उजेड येतो.

डबीवर काही घातलं नाही. झाकायचं कोणापासून? जेवणं झाली, भांडी झाली, तरी चालूच. हात लावून पाहिला, कोमट. आता पाहा कशी नीट चालते आहे! मी आधीपासून म्हणत होते, चांगली वस्तू ती चांगलीच असते, बाकी सगळे फसवे.

हे खुर्चीत बसून बराच वेळ पाहत होते. म्हणाले, आईला उद्या आणू का दाखवायला? मी म्हटलं, थंडी आहे, कशाला. मग त्यांनी विचारलं, बंद करू का?

मी सवयीनं म्हणणार होते, देवीपुढचा दिवा कोणी…

उठले, आणि बटण मीच बंद केलं.